शिक्का न मारलेल्या काळ्या काचा

शिक्का आप्पांनी बारामतीतच करून आणला होता. लाकडी मुठीचा, नवाकोरा. त्यांनी तो जांभळ्या शाईत बुडवला आणि समोरच्या बिलबुकाच्या पाठीवर मारून दाखवला. 'ग्रहणासाठी सुरक्षित'. खाली आमच्या दुकानाचं नाव. नावाखाली सहीपुरती मोकळी जागा.

"बाळू, आता दुसरं काम बाजूला ठेव," ते म्हणाले. "या काचा पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये बसवायच्या, मागं शिक्का मारायचा आणि त्याखाली तू सही करायची. दुकानात कोर्स केलेला तूच एकटा आहेस."

काउंटरवर काळ्या काचांची खोकी होती. मी एक काच उचलून ट्यूबलाइटपुढे धरली. ट्यूब दिसेनाशी झाली.

"बघ कशी आहे," आप्पा म्हणाले. "डांबरासारखी."

मी काच खोक्यात परत ठेवली आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं.

आप्पा म्हणजे त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. मी तिथला ऑप्टिशियन. डॉक्टर चष्म्याचा नंबर लिहून देतात. त्या नंबरची काच निवडायची, चाकावर घासून फ्रेमच्या मापाची करायची आणि नीट मध्य साधून बसवायची, हे ऑप्टिशियनचं काम. मी सणसरचा. रोज सकाळच्या एसटीने बारामतीला यायचो.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. उत्तरेत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. म्हणजे सूर्याचा मोठा लचका जाणार, पण थोडा तुकडा उरणार. उरलेला तुकडाही डोळा जाळायला पुरेसा असतो. आमच्या सणसरच्या हायस्कूलचे हेडमास्तर भोईटे सर हौशी. सुट्टी असली तरी मुलांना शाळेत बोलावून ग्रहण दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी सगळ्या मुलांचे चष्मे त्यांनी आमच्याच दुकानाला सांगितले होते. मी तिथं आहे, हे एकच कारण.

काळी काच वाईट का, ते सोपं आहे. सूर्यापासून उजेड येतो आणि उष्णतेचे किरणही येतात. उजेड दिसतो, उष्णतेचे किरण दिसत नाहीत. रंगवलेली काच उजेड अडवते. डोळ्याला वाटतं अंधार झाला, म्हणून बाहुली मोठी होते. मग त्या मोठ्या झालेल्या दारातून उष्णता आत शिरते. भिंगाने कागद जाळतात, तसं डोळ्याचं भिंग ती उष्णता मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा करतं. आणि या पडद्याला वेदना कळत नाही. माणूस आरामात बघत राहतो. काही तासांनी त्याला नजरेच्या मधोमध एक डाग दिसायला लागतो. तो पुसला जात नाही.

हे मी आप्पांना सांगितलं. त्या काचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घालतात त्या गॉगलच्या होत्या, हेही सांगितलं. ते म्हणाले, वेल्डिंगवाले दिवसभर बघतात की. मी म्हणालो, त्या काचेलाही नंबर असतो. सूर्याला चौदा नंबर लागतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी विचारून आलो होतो. त्यांच्याकडे अकरा होता.

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच सही करत नाही."

आप्पांनी शिक्का डबीत ठेवला. ते तसे वाईट माणूस नव्हते. माझ्या कोर्सच्या वेळी त्यांनी मला सुट्टी दिली होती. पण माल येऊन पडला होता. सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस, असं ते खाली बघत म्हणाले. मी जेवणाचा डबा घेतला आणि माझी ट्रायलची पेटी घेतली. ट्रायलची पेटी म्हणजे नंबर तपासायला लागणाऱ्या सुट्या भिंगांचा संच. ती मी कोर्सच्या वेळी स्वतः घेतली होती. दारातून मी एवढंच सांगितलं की, भोईटे सरांना मी आजच भेटणार आहे आणि तुमचा चष्मा घेऊ नका म्हणून सांगणार आहे.

इथपर्यंत वाचून मी मोठा सरळ माणूस वाटेन. तसं नाही. मला त्या काचेची भीती का वाटली, ते सांगतो.

ऐंशी साली फेब्रुवारीत असंच एक ग्रहण झालं होतं, दुपारचं. तेव्हा मी त्याच दुकानात नवीन होतो. काचा पुसायचो, फ्रेमचे स्क्रू आवळायचो. सणसरला आमच्या घराशेजारी संपत राहायचा. टेलर. पंचक्रोशीत शर्ट शिवावा तर संपतने. ग्रहणात सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, आणि संपतला ते बघायचं होतं. मी म्हणालो, मी काचा आणतो. दुकानातून मोतीबिंदूच्या गॉगलच्या दोन काळ्या काचा आणल्या, एकावर एक ठेवून चिकटपट्टी लावली आणि त्याच्या हातात दिल्या. "बिनधास्त बघ," असं म्हणालो. "फक्त दमादमानं."

टेलरची सवय असते. सुईत दोरा ओवताना तो डावा डोळा मिटतो आणि उजव्याने नेम धरतो. संपतने सूर्यही तसाच बघितला. डावा मिटून. त्यामुळे डावा वाचला.

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग आला. सुईचं नेढं नेमकं त्या डागात जायचं. डाव्याने ओवायला तो शिकला, पण शिवण चालवताना जुन्या सवयीने डावाच मिटायचा. शर्ट सुटले. पोती, ताडपत्र्या, ऊसतोड्यांच्या पालांची कापडं, असलं जाड काम राहिलं. गाव म्हणालं, ग्रहण बघितलं म्हणून डोळा गेला. मी गप्प बसलो.

तेव्हा मला खरं कारण माहीत नव्हतं, ही सबब तीन वर्षं चालली. मग पुण्याला कोर्सला गेलो. तिथं मास्तरांनी फळ्यावर डोळा काढून काळ्या काचेचं गणित समजावलं. म्हणजे ग्रहणाने काही केलं नव्हतं. केलं होतं मी. गावी आलो तरी मी बोललो नाही. माझे शर्ट मात्र संपतकडेच टाकायला लागलो. तो नको म्हणायचा, मी कापड ठेवून पळायचो. बारा वर्षं मी तिरक्या कॉलरचे शर्ट घातले आणि त्याला प्रायश्चित्त समजत राहिलो.

भोईटे सरांनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चष्मे नकोत तर दाखवायचं कसं? मुलांना शब्द दिलाय."

मी म्हणालो, दुर्बिणीने. ते दचकले. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा एका क्षणात जातो, हे त्यांनाही माहीत होतं.

"दुर्बिणीतून बघायचं नाही. दुर्बिणीला बघू द्यायचं."

ही युक्ती माझी नाही, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची आहे. दुर्बीण मुळात आमच्याच धंद्यातून आली. हॉलंडमधल्या चष्मेवाल्यांच्या हाताखालून. एक फुगीर भिंग, एक खोलगट भिंग, मध्ये नळी. लांबच्याला लागतो तो एक चष्मा आणि जवळच्याला लागतो तो दुसरा, बस्स. बातमी इटलीत गॅलिलिओकडे पोचली आणि त्याने स्वतः भिंगं घासायला घेतली. त्याची सामान आणायची एक यादी सापडली आहे. काचा, भिंग घासायला तोफेचे गोळे, चर्चमधल्या ऑर्गन-बाजाची नळी, आणि त्याच यादीत मुलाच्या चपला आणि हरभरे. मला हा माणूस त्या यादीमुळे आवडतो. त्याने चंद्रावरचे डोंगर पाहिले, गुरूचे चंद्र पाहिले आणि सूर्यावरचे डाग पाहिले. पण डाग त्याने डोळा लावून काढले नाहीत. त्याच्या कास्टेली नावाच्या शिष्याने सुचवलं, नळीच्या मागं कागद धरा. सूर्य कागदावर उतरतो. मग नुसती कडेने पेन्सिल फिरवायची. सूर्य बघून गॅलिलिओ आंधळा झाला असं लोक सांगतात, ते चूक. दृष्टी गेली ती म्हातारपणी, दुसऱ्याच आजाराने.

पुढे चर्चने त्याला दरडावून गप्प बसवलं. मला कुणी दरडावलंही नव्हतं.

दुर्बीण करायला दोन दिवस लागले. माझ्या पेटीतलं भिंग लहान, म्हणून प्लस एक नंबरची मोठी, न कापलेली काच एका ओळखीच्या दुकानदाराकडून आणली. प्लस एक म्हणजे ज्याचा उजेड बरोबर एक मीटरवर गोळा होतो ते भिंग. मागच्या बाजूला माझ्या पेटीतलं मायनस वीस नंबरचं खोलगट भिंग. नळी म्हणून सरांच्या शेतातल्या पाईपलाईनचा उरलेला पीव्हीसीचा तुकडा. एकाच काचेचं भिंग असलं की सूर्याच्या कडेला निळी-तांबडी झालर येते. त्यावरही गॅलिलिओचाच उपाय केला. भिंगापुढे पुठ्ठा लावला आणि पुठ्ठ्याला मधोमध रुपयाएवढं भोक पाडलं. शाळेच्या फळ्याचा स्टँड घेतला, त्यावर नळी दोरीने बांधली आणि मागं हातभर अंतरावर पांढरा कागद. सूर्य बशीएवढा उतरला. उलटा, पण स्वच्छ.

मग सरांनी पालकांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. मी कडेच्या उन्हात दुर्बीण लावून कागदावर सूर्य दाखवला. मायबापांनी ऐकलं आणि मग दगडू तात्या बोलले. तात्या गावातले वडीलधारे. त्यांची आणि आमची भावकी. दोन्ही घरांत मेंढरं होती, तेव्हा वाटेवर आभाळात तिकांड्याचे तीन तारे बघून वेळ सांगणारा माणूस.

"सर, तुमी भाईरगावचं. तुमास्नी ठाव न्हाय. गिराणात पोरं भाईर काढायची न्हाईत. त्यो संपत बसलाय हितं. इचारा त्याला, काय झालं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. संपत खांबाला टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली. पंधरा वर्षं तो अशीच मान खाली घालत होता. प्रत्येक ग्रहणाला, चंद्राच्या असो की सूर्याच्या, गाव त्याच्याकडे बोट दाखवायचं.

मी उभा राहिलो. बोलायचं काही ठरवून आलो नव्हतो.

"तात्या, संपतचा डोळा ग्रहणानं गेला नाही. मी त्याला चुकीची काच दिली, तिनं गेला. मला बारा वर्षं हे माहीत आहे. मी सांगितलं नाही."

संपत उठला, टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता फाटकातून निघून गेला.

तात्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. "आन आता पोरांसाठी तुझ्यावर इस्वास ठिवायचा व्हय आमी?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "माझ्यावर ठेवू नका. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कागद बघायचा. वर कुणी बघायचंच नाही. कुणी पोरगं मान वळवेल म्हणून एकेका ओळीमागं आई-बाप उभे करा. तुम्ही स्वतः या. आणि कुणीच आलं नाही, तरी मी मैदानात दुर्बीण लावणार. एकटा लावीन. पण ग्रहणानं डोळा गेला असं आता या गावात कुणाला बोलू देणार नाही."

"दम देतुयास?"

"व्हय तात्या. देतोय."

लहानपणापासून मी त्यांच्यापुढे मान वर करून बोललो नव्हतो. बैठक तशीच मोडली. कोण येणार, कोण नाही, काही ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संपतच्या दुकानात गेलो. तो ताडपत्रीला रिंगा ठोकत होता. मी दारात उभा. बस म्हणाला नाही.

रिंग बसली तशी त्याने हातोडी खाली ठेवली. "तू मला म्हणलावतास, दमादमानं बघ. मी एकसारखं बघितलं. मला वाटायचं माजंच चुकलं. पंदरा वर्सं बायकूला सांगतुय, माजी हावरट नजर."

याचा मी कधी विचार केला नव्हता. गाव ग्रहणाला दोष देत होतं, मी गप्प होतो, आणि तो स्वतःला दोष देत होता. मला वाटायचं, माझ्या गप्प बसण्याचा भार मी एकटाच वाहतोय.

"दमानं बघितलं असतं तरी गेला असता," मी म्हणालो. "तुझं काहीच चुकलं नाही, संपत."

"मंग हे तवाच सांगायला तुजी जीब झडलीवती का?"

नकळत माझा हात कॉलरकडे गेला.

"आन शर्ट टाकतुयास माज्याकडं. गावात तिरक्या कॉलरीचा मानूस तू एकटा. मला कळत न्हाय व्हय? डोळा गेलाय, अक्कल न्हाय. मी म्हनायचो, ह्यो येडा दया करतुय माज्यावर." त्याने ताडपत्री बाजूला सारली. "दयाबी न्हवती ती. तुजं तूच फेडत हुतास. फुकटात."

"मग आता काय करू?"

"माप सांग."

"कसलं?"

"तुज्या नळीचं. उन्हात कागुद पांढराफेक पडतुय. काल बगितलं मी व्हरांड्यात, सूर्य फिकट दिसत हुता. भवतीनं काळा पडदा पायजे. टोपडं शिवतु त्याला."

मी माप सांगितलं. त्याने ते वहीत लिहिलं नाही. शर्टाची मापंही तो पूर्वी कधी लिहायचा नाही.

ग्रहणाच्या सकाळी मी उजाडता उजाडता स्टँड लावला. सूर्य कारखान्याच्या चिमणीच्या बाजूने वर आला. मैदानात मी, भोईटे सर आणि शिपाई. गावात एकाही घरात चूल पेटली नव्हती. ग्रहण सुटल्याशिवाय पेटत नाही. पहिला चावा लागायला थोडा वेळ होता, तेव्हा फाटकातून मुलं आली, दिवाळीचे नवे कपडे घालून. मागे आया, बाप. ठरल्याप्रमाणे ओळी लागल्या, सूर्याकडे पाठ करून. त्यांच्या मागून संपत आला. काखेत काळं कापड. नळीच्या टोकापासून कागदाभोवती त्याने ते चढवलं, मुलांकडची बाजू उघडी ठेवून दोरी ओढली. आत अंधार झाला आणि कागदावरचा सूर्य एकदम उजळला.

सूर्य आभाळात सरकतो, म्हणून कागदावरूनही सरकत जातो. दर दोन मिनिटांनी मला नळी थोडी हलवायला लागायची. त्यामुळे मुलांना समजावणं सरांकडे आलं आणि चित्र काढणं कुणाकडेच नव्हतं. संपतने कानामागची पेन्सिल काढली.

"कड फिरवू का?"

"फिरव."

कडेला पहिली खाच पडली तेव्हा मुलांच्या ओळीतून नुसता श्वास ऐकू आला. संपत वाकला. डावा डोळा मिटला. मग थांबला, उजवा मिटला आणि डाव्याने रेघ ओढली. दर थोड्या वेळाने नवा कागद, नवी रेघ. भाकरीला घास लागावा तसा सूर्य कमी होत गेला. निम्म्याहून जास्त गेला. ऊन पिवळट, गार झालं आणि बांधावरच्या चिमण्या-पाखरं चिडीचूप झाली. मग तो हळूहळू परत भरायला लागला. कुणीही मान वर केली नाही. आयांनी करूच दिली नाही.

भरत आला तेव्हा फाटकाशी तात्या दिसले. उपाशी, अंघोळ व्हायची होती. ते सूर्याकडे पाठ करून, खेकड्यासारखे आडवे चालत स्टँडपर्यंत आले. पडद्यात डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"एवढंच व्हय?" बाहेर येऊन म्हणाले. मग संपतचे कागद एकेक करून पाहिले. "रेघ बरी काढतुयास की अजून."

एवढं बोलून ते अंघोळीला गेले.

आप्पांनी त्या काचांचे चष्मे दुसऱ्याकडून बसवून घेतले आणि शिक्का मारून विकले, असं कळलं. त्यातल्या कुणाचं काय झालं, मला माहीत नाही. नुकसान झालेलं गिऱ्हाईक दुकानात भांडायला येत नाही. ते नशिबाला दोष देऊन घरी बसतं. संपतसारखं. आप्पांनी महिन्याभराने परत बोलावलं. मी गेलो नाही. निमगाव केतकीला बाजाराच्या वाटेवर लहानसं दुकान टाकलं. अजून चालू आहे. संपतने काढलेले ते कागद काउंटरमागे फ्रेम करून लावले आहेत, आणि त्याखाली एक काळी काच. विकायची नाही.

ग्रहण जवळ आलं की लोक काळा चष्मा मागायला येतात. मी ती काच काढून त्यांच्या हातात देतो. ट्यूबकडे धरा म्हणतो. ते म्हणतात, वा, काहीच दिसत नाही. मग मी सांगतो की दिसत नाही म्हणजे आत काही जात नाही असं नसतं, आणि संपतचं नाव घेऊन सगळं सांगतो, माझ्या नावासकट. काही गिऱ्हाईकं त्यानंतर चष्म्यालाही परत येत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.